टोपोखालचे ब्लॉक घेतले तर डोंगराचा नुसता माथाच उरतोय, कुठं चुकतंय?

खडीचा_हिशोब

नमस्कार मंडळी, मी नाशिकचाच, जिऑलॉजी करून दीड वर्षापासून एका छोट्या कन्सल्टन्सीत आहे आणि ऑफिसात सरपॅक (खाणीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) उघडणारा मी एकटाच, त्यामुळे अडलं की भिंतीकडं बघत बसावं लागतं. काम तसं साधं आहे. सिन्नर बाजूला डोंगराच्या उतारावर बेसाल्टची खाण, लीज ४ हेक्टर. मालकाला एवढंच पाहिजे की ६६० आरएलपर्यंत (आरएल म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, मीटरमधे) खाली गेलो तर मुरूम किती, काळा दगड किती. आमचे साहेब म्हणाले होते की याला ब्लॉक मॉडेल (अख्खा डोंगर छोट्या ठोकळ्यांत भागून मोजणं) कशाला, पण मधे लाल बोलचा (लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या लाल मातीचा) थर आहे तो वेगळा काढायचा होता म्हणून मीच हट्ट केला आणि आता मीच फसलोय.

मॉडेल ६०० बाय ४०० मीटरचं, आरएल ६४० ते ७५०, ब्लॉक १० बाय १० बाय ५, म्हणजे एकूण ५२,८०० ब्लॉक. ड्रोन सर्व्हेचा डीटीएम (जमिनीच्या पृष्ठभागाचं त्रिकोणांचं जाळं, त्यालाच टोपो म्हणतो) मिळालाय तो लोड केला, दिसायला एक नंबर, आपला डोंगर ओळखू येतो. पण कन्स्ट्रेंट (ब्लॉक निवडायची अट) टाकून डीटीएमच्या खालचे ब्लॉक मागितले की खालचा सगळा उतार गायब होतो आणि फक्त माथ्याखाली एक टोपी घातल्यासारखा तुकडा उरतो. तीनदा नवीन मॉडेल बनवून बघितलं, दर वेळी तीच टोपी. सोमवारी आकडे द्यायचेत. कोणाला असं झालंय का?

बेंच_ते_क्रेस्ट

पहिलं सगळ्यात बावळट कारण बघून घे, अबव्हची टिक. डीटीएम कन्स्ट्रेंटमधे ती लागलेली असेल तर वरचे येतात, नसेल तर खालचे, आणि घाईत हे उलटं होतं, माझं तर दोनदा झालंय आणि एकदा रिपोर्ट मेलवर गेल्यावर कळलं.

दुसरं म्हणजे एक्स वाय. सरपॅकच्या स्ट्रिंग फाईलमधे आधी वाय मग एक्स मग झेड असतं आणि ड्रोनवाले सीएसव्ही देताना एक्स आधी देतात. आपला भाग यूटीएम (नकाशाची मीटरातली चौकट) ४३ नॉर्थमधे येतो त्यामुळे ओळखायला सोपं आहे, ईस्टिंग म्हणजे एक्स सहा आकडी येतं, नॉर्दिंग म्हणजे वाय सात आकडी, बावीस लाखाच्या आसपास. उलटं झालं असेल तर सात आकडी नंबर एक्सच्या खान्यात दिसेल. पण मग डोंगर मॉडेलच्या आसपास पण दिसला नसता, तुझी टोपी तरी उरतेय, म्हणजे हे नसावं. तरी बघ.

खडीचा_हिशोब

दोन्ही बघितलं भाऊ. टिक नाहीये, मुद्दाम टिक करून बघितलं तर बरोब्बर उरलेले सगळे ब्लॉक सिलेक्ट होतात, म्हणजे खालचे अधिक वरचे मिळून ५२,८०० भरतात. एक्स वाय पण जागेवर आहेत, लीजची बाउंडरी डीटीएमवर बरोबर बसते, रस्ता पण जुळतो.

पिवळा_ट्रायपॉड

बाळा, तू प्लॅनमधेच बघतोयस का? साईडने बघ. आणि मला फक्त दोन ओळी लिहून दे, डीटीएमचं झेड किती ते किती आणि बोअरहोलच्या कॉलरचं (होलच्या तोंडाचं) झेड किती ते किती. बाकी काही नको.

खडीचा_हिशोब

काका, डीटीएम ५९९ ते ६७९. कॉलर ६६४ ते ७३६, एकूण ११ होल आहेत, दोन वर्षांपूर्वी मारलेले, टोटल स्टेशनने (जमिनीवरून मोजायचं सर्व्हेचं यंत्र) घेतलेत.

थांबा. सगळे कॉलर हवेत आहेत की.

पिवळा_ट्रायपॉड

आता पेटली ट्यूब. तुझ्या मॉडेलचा तळ ६४० ला आहे आणि डीटीएम साठेक मीटर खाली बसलाय, म्हणजे खऱ्या ७०० च्या वर जेवढा डोंगर आहे तेवढाच मॉडेलच्या तळाच्या वर डोकं काढतो. तीच तुझी टोपी. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलंय.

कारण ड्रोनच्या जीपीएसने दिलेली उंची ही एलिप्सॉइडवरची आहे आणि तुझे कॉलर समुद्रसपाटीवरून आहेत. एलिप्सॉइड म्हणजे पृथ्वीचा गणितातला गुळगुळीत आकार, आणि समुद्रसपाटी म्हणजे जिऑइड, तो गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली असतो. भारतात जिऑइड एलिप्सॉइडच्या खाली आहे, म्हणून जीपीएसचा कच्चा आकडा समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा कमी येतो, आपल्याकडे साठेक मीटरने. दक्षिणेकडं गेलं तर फरक अजून वाढतो. युरोपात उलटं आहे, तिथं आकडा जास्त येतो, म्हणून बाहेरचे व्हिडिओ बघून शिकलेली पोरं बेरजेच्या जागी वजा करतात.

हे डोळ्याने बघायचं असेल तर नाशिकरोड स्टेशनला जा. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथं उभं राहून अँड्रॉइड मोबाईलवर जीपीएसचा कच्चा आकडा दाखवणारं अ‍ॅप उघड. काही अ‍ॅप स्वतःच दुरुस्ती करून दाखवतात ते नको. मी नवीन पोरांना साईटवर नेण्याआधी हे दाखवतो, लेक्चर द्यायला लागत नाही, वडापाव मात्र द्यायला लागतो.

आता लगेच झेडमधे साठ मिळवून मोकळा होऊ नकोस. प्रत्येक कॉलरच्या जागी डीटीएमचं झेड काढ, कॉलरच्या झेडमधून वजा कर आणि अकराच्या अकरा फरक इथं टाक. सहाशे मीटरच्या साईटवर जिऑइड काही इकडून तिकडं फार हलत नाही, त्यामुळे सगळे फरक जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. नसतील आले तर अजून काहीतरी भानगड आहे. आणि ड्रोनवाल्याला विचार की जमिनीवर कंट्रोल पॉइंट (नीट मोजलेल्या खुणा) घेतले होते का, घेतले असतील तर कुठल्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून). उत्तर द्यायला तो अडखळला तर काय समजायचं ते समज.

खडीचा_हिशोब

काका काढले. दहा होलचे फरक ६०.९ ते ६१.३ च्या मधे. एकटा बीएच-७ चा (सात नंबरच्या बोअरहोलचा) ५८.४. ड्रोनवाला म्हणतो कंट्रोल पॉइंट घेतलेत, बेंचमार्क खाणीच्या ऑफिसच्या ओट्यावरचा, त्याची जीपीएस उंची घेतली होती असं म्हणाला, म्हणजे कंट्रोल पॉइंट पण एलिप्सॉइडवरच ना? त्याच ओट्यावरून टोटल स्टेशन लावलं होतं तेव्हा त्याची उंची समुद्रसपाटीची धरली होती, तो कागद सापडला. दोन्हीतला फरक ६१.१.

पिवळा_ट्रायपॉड

झालं मग. कागद आणि दहा होल एकच सांगतायत, ६१.१ बिनधास्त मिळव. जुना डीटीएम आहे तसाच ठेव, वर उचललेला नवीन नावाने सेव्ह कर आणि नावातच एमएसएल (समुद्रसपाटी) लिही, नाहीतर सहा महिन्यांनी तूच जुनी फाईल उचलशील.

बीएच-७ साठी इथं डोकं खाऊ नको, जागेवर जाऊन बघ. ड्रोनचा पृष्ठभाग तिथं पावणेतीन मीटरने वर आहे म्हणजे दोन वर्षांत कॉलरवर कोणीतरी काहीतरी ओतलंय.

कोअर_बॉक्स_ताई

काकांनी मोठं काम केलंच आहे, मी त्या बीएच-७ वरूनच पुढं बोलते कारण ते एकाच होलचं दुखणं नाहीये. ड्रोनला दगड, मुरमाचा ढिगारा, क्रशरखालची खडी, बाभळीचं झुडूप, उभा डंपर, सगळं सारखंच, वरून जे दिसतं ते पृष्ठभाग. तो ढिगारा तू टोपो म्हणून घेतलास तर मॉडेल त्याला घट्ट खडक समजणार आणि २.८ घनता लावून टन काढणार. आणि जिथं होल नाही तिथल्या ढिगाऱ्याला कॉलर पण नाही ओरडून सांगायला. ड्रोनचा फोटो डीटीएमवर पसरून ठेव, ढिगाऱ्यांच्या कडेने स्ट्रिंग काढ आणि तेवढा भाग कापून आजूबाजूच्या जमिनीवरून भरून घे.

दुसरं, फ्लाइट कधी झालीये? पावसाळ्यानंतर असेल तर जुन्या खड्ड्यात पाणी असणार. पाण्यावर फोटोवरून बनवलेला डीटीएम एकतर पाण्याची पातळी देतो नाहीतर नुसता कचरा देतो, तळ कधीच देत नाही. मग आधीच काढलेला दगड तुझ्या मॉडेलमधे परत जिवंत होतो. मागच्या उन्हाळ्यातली मोजणी असेल तर त्या खड्ड्यापुरती ती जोड. नसेल तर दोरीला वजन बांधून दहा-पंधरा ठिकाणी खोली घे, हसू नको, चालतं.

तिसरं, डीटीएम मॉडेलच्या चारी बाजूंनी बाहेर जातोय ना? कडेला जिथं त्रिकोणच नाही तिथला ब्लॉक वर की खाली हे कोण ठरवणार, दर सॉफ्टवेअरचं उत्तर वेगळं. मी दोन्हीकडून मोजून बघते, वरचे अधिक खालचे बरोबर एकूण आले की निर्धास्त. ते तू नकळत केलंच आहेस वर, शाब्बास.

आणि वरचे ब्लॉक डिलीट करू नकोस. हवा असा कोड दे आणि घनता शून्य कर. पुढच्या वर्षी परत टोपो येईल तेव्हा हेच मॉडेल वापरता येईल. कोड देताना क्रम सांभाळ, आधी सगळ्याला काळा दगड, मग लाल बोल, मग मुरूम, आणि हवा सगळ्यात शेवटी, म्हणजे ती बाकीच्यांवर चढते. हवा आधी दिलीस आणि मुरूम नंतर दिलास तर नाल्यावर मुरूम तरंगताना दिसेल.

खडीचा_हिशोब

ताई तुम्ही माझी स्क्रीन बघताय का? मुरूम खरंच तरंगतोय. नाल्यापाशी. मुरमाचा तळ मी ११ होलच्या आरएलवरून डीटीएम केला होता, लाल बोलचा पण तसाच.

कोअर_बॉक्स_ताई

बोलचं बरोबर केलंस, मुरमाचं नाही. लाल बोल हा लाव्ह्याच्या दोन थरांमधला, आपल्याकडचे थर जवळजवळ आडवे, त्यामुळे आरएलवरून काढलेला पृष्ठभाग ठीक बसतो. मुरूम म्हणजे कुजलेला खडक, तो वरून खाली कुजत जातो, जमिनीचा उतार धरून. दोन होलच्या मधे नाला असेल तर मुरमाचा तळ पण नाल्याबरोबर खाली उतरतो, पण तुझा डीटीएम एका काठावरच्या होलपासून दुसऱ्या काठावरच्या होलपर्यंत सरळ पूल बांधतो आणि नाला त्याच्या खालून जातो. म्हणून मुरमाचा आरएल घेऊच नको, जाडी घे. होलमधली जाडी पसरव आणि टोपोच्या झेडमधून वजा करून तळ बनव. मग तो टोपोच्या वर जाऊच शकत नाही. हे टोपो दुरुस्त केल्यावर कर, आधी केलंस तर ढिगाऱ्याखाली पण मुरूम वर उचलला जाईल.

कट_फिल_झिंदाबाद

माफ करा पण ४ हेक्टरच्या खाणीला एवढं सगळं? वरचा टोपो, मुरमाचा तळ, बोलचा माथा, बोलचा तळ आणि ६६० चा सपाट पृष्ठभाग, पाच पृष्ठभाग झाले. एकातून एक वजा करा, दहा मिनिटांत घनफळ हातात. ग्रेड आहे का काही? तांबं आहे का? दगड तो दगड. ब्लॉक मॉडेल पाहिजे लोखंडाला, बॉक्साइटला, जिथं जागोजागी टक्का बदलतो.

कोअर_बॉक्स_ताई

अर्धं पटलं. नुसत्या घनफळासाठी खरंच नको. पण पोरगा बेंचप्रमाणे (खाणीतल्या पायरीप्रमाणे) काढणार असेल, कुठल्या वर्षी कुठल्या बेंचवर किती मुरूम लागेल हे मालकाने विचारलं तर मॉडेलमधून लगेच मिळतं. आणि तुमचं हे पृष्ठभागांच्या वजाबाकीचं कट-फिल तर मॉडेल तपासायला लागतंच, म्हणून दोन्ही कर रे.

खडीचा_हिशोब

दोन्ही केलं. ढिगारे कापले (बीएच-७ वाला अंदाजाने कापलाय अजून), जाडीवरून मुरूम केला, हवा शेवटी दिली. डोंगर पूर्ण आला, कॉलर जमिनीवर बसले, काय सुंदर दिसतंय म्हणून सांगू. साहेबांना खुर्चीसकट ओढून आणून दाखवलं.

पण आता नवीन दुखणं. लीजच्या आत ६६० च्या वर, कट-फिलने १५.२ लाख घनमीटर येतंय आणि ब्लॉक मॉडेलच्या रिपोर्टमधे १४.९ लाख. पायऱ्या दिसत होत्या म्हणून मी पार्शल पर्सेंटेज पण काढलं होतं, प्रत्येक ब्लॉक टोपोखाली किती टक्के आहे ते ॲट्रिब्यूटमधे (ब्लॉकच्या माहितीच्या खान्यात) भरून रिपोर्टमधे व्हॉल्युम ॲडजस्टमेंटला लावलं. म्हणजे उलट जास्त अचूक यायला पाहिजे होतं ना? ३० हजार घनमीटर म्हणजे साधारण १०,६०० ब्रास, मालक जीव घेईल.

बेंच_ते_क्रेस्ट

रिपोर्टला टोपोचा कन्स्ट्रेंट पण लावलाय का सोबत?

खडीचा_हिशोब

हो, टोपोच्या खालचे. तो पण लावलाय.

बेंच_ते_क्रेस्ट

मिळाला चोर. कन्स्ट्रेंट ब्लॉकचा मध्यबिंदू बघतो. मध्यबिंदू जमिनीखाली असेल तर पूर्ण ब्लॉक आत, वर असेल तर पूर्ण ब्लॉक बाहेर. त्यात थोडं जास्त आलेलं आणि थोडं गेलेलं एकमेकांना भरून काढतं, एकूण आकडा बऱ्यापैकी बसतो, बेंचवार बघितलं तर मात्र बोंब. पार्शल पर्सेंटेज वेगळ्या रस्त्याने जातं, प्रत्येक ब्लॉकचा जमिनीखालचा वाटा मोजतं.

तू दोन्ही एकदम लावलेस. म्हणजे ज्या ब्लॉकचा ४० टक्के भाग जमिनीत आहे त्याचा मध्यबिंदू साधारण वर गेला, तो कन्स्ट्रेंटने हाकलला, त्याचे ४० टक्के बुडाले. आणि ज्याचा ७० टक्के आत आहे तो घेतला पण ७० टक्केच धरला. एकीकडं कापलं आणि दुसरीकडं भरून आलं नाही, म्हणून आकडा नेहमी कमीच येणार, कधीच जास्त नाही. रिपोर्टमधून टोपोचा कन्स्ट्रेंट काढ, फक्त लीजची बाउंडरी आणि ६६० ठेव, आणि टक्क्याचं ॲट्रिब्यूट राहू दे. हवेचा कोड पण याच कन्स्ट्रेंटने दिला असशील तर तिथं पण तीच गंमत, अर्धवट ब्लॉक हवा म्हणून बाहेर पडले असतील, त्यांना टक्का शून्याहून जास्त असेल तर खडकाचा कोड दे.

नाहीतर टक्के सोडून दे आणि सब-ब्लॉकिंग कर, १० चे ५, ५ चे २.५, उंचीत ५ चे १.२५, फक्त पृष्ठभागापाशी फुटतात त्यामुळे फाईल फार फुगत नाही. मला हे जास्त आवडतं कारण डोळ्याला पण दिसतं. तुझा उतार ३० अंशाचा असेल तर १० मीटर पुढं गेलं की जमीन पावणेसहा मीटर चढते, म्हणजे एका ब्लॉकच्या रुंदीत एका ब्लॉकच्या उंचीपेक्षा जास्त. अशा ठिकाणी १० बाय १० चे अख्खे ब्लॉक म्हणजे डोंगराला त्र्यंबकच्या पायऱ्या.

खडीचा_हिशोब

कन्स्ट्रेंट काढला, १५.२ लाख आलं. सब-ब्लॉक करून वेगळं बघितलं, तेही १५.२ च्या आतबाहेर. मुरूम १.२ लाख, बोल ०.३ लाख, बाकी १३.७ लाख काळा दगड. भाऊ, ताई, काका, मिसळ माझ्याकडून.

कट_फिल_झिंदाबाद

मलाही धरा, १५.२ माझ्याच रस्त्याने आलं होतं. आणि मालकाला आकडा देताना एक सांभाळ. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, पण तू देणार तो डोंगरातला घट्ट ब्रास आणि तो मोजतो डंपरमधला सुटा. फोडल्यावर दगड फुगतो, साधारण दीडपट धर. १३.७ लाखाचे घट्ट ४.८४ लाख ब्रास होतात, रिपोर्टमधे घट्ट असं ठळक लिही, नाहीतर दोन वर्षांनी तो म्हणेल की तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा माझ्या खाणीतून जास्त दगड निघाला, आणि ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मोजणीवाले आले की त्यांच्यासमोर तुझाच कागद पुढं करेल.

खडीचा_हिशोब

लिहितो. घनता पण खाली टीपेत टाकतो. सकाळी सातला साईटवर चाललोय, बीएच-७ शोधायला. तिथल्या जेसीबीवाल्याला फोन केला होता, तो म्हणाला तिथं होल होतं का साहेब, आम्हाला काय माहीत, तुम्हीच खांब रोवायचा ना.

पिवळा_ट्रायपॉड

त्याचं बरोबर आहे. जाताना खांब घेऊन जा. आणि रंग पिवळाच दे.